नामावळीच्या नऊ वह्या आणि ६१ मेगापिक्सेलचा कॅमेरा : पंचवटीतल्या कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज गुरुजींकडे जाऊन काम ठरवून आलो. रामकुंडापासून पाच मिनिटांवर त्यांचा वाडा. ते आमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय. आजोबांच्या अस्थी घेऊन आलो होतो तेव्हा त्यांनी नामावळीची वही काढून पणजोबांची सही दाखवली होती. मोडीत, बोरूने, थरथरत्या हातची. ती सही तेव्हापासून डोळ्यांपुढून गेलेली नाही.

अशा नऊ वह्या आहेत. गाव, आडनाव, कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, आणि खाली यजमानाच्या स्वतःच्या हातचा लेख. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा पाणी ओसरीवर चढलं आणि फडताळाच्या खालच्या खणातल्या दोन वह्या भिजल्या. सिंहस्थाची गर्दी सुरू व्हायच्या आत सगळ्याचे नीट फोटो व्हावेत अशी गुरुजींची इच्छा. त्यांच्या दोन अटी : वही वाड्याबाहेर जायची नाही, आणि एकही पान इंटरनेटवर चढायचं नाही. त्यात हयात माणसांची नावं आहेत. म्हणून या नोंदींसोबत फोटो नाहीत.

कॅमेरा माझाच. ६१ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस (आत आरसा नसलेला), मागच्या दिवाळीत सेकंडहँड घेतलेला, बॉडी दोन लाख पंधरा हजारांना. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी मशीनच्या सुट्या भागांचे फोटो काढतो, त्या कामाला घेतला होता. जुन्या कागदपत्रांचं काम पहिल्यांदाच करतोय. कुणाला आपल्या घरची दफ्तरं अशी उतरवायची असतील तर माझे वाया गेलेले दिवस तरी वाचावेत, म्हणून रोजचं लिहून ठेवणार आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

मोजमाप. वही उघडली की दोन पानं मिळून ६४ सेंटिमीटर रुंद, ४० उंच. कडेला पट्टी आणि रंगपट्टी ठेवायला जागा धरून चौकट ६९ सेंटिमीटरची. कॅमेऱ्याची रुंदी ९५०४ पिक्सेल, म्हणजे इंचाला सुमारे ३५० पिक्सेल पडतात. कागदपत्रांच्या कामात ३०० ते ४०० चांगले समजतात. २४ मेगापिक्सेलच्या माझ्या जुन्या कॅमेऱ्याने हेच जोडपान एका फोटोत घेतलं तर इंचाला २२० च येतात. मग प्रत्येक पान वेगळं काढायचं आणि फोटो दुप्पट. इथे ६१ मेगापिक्सेलचा खरा फायदा हा, की निम्मे फोटो काढून काम भागतं. एकेक सुटं पान काढणाऱ्याला मात्र २४ पुरेसे आहेत, त्याने एवढे पैसे घालू नयेत.

मोडीवाचक ताईंना विचारलं तर त्यांना पिक्सेलचं काही नव्हतं. त्यांनी एक ओळ दाखवली. दोन ओळींच्या मध्ये, मागाहून, मुंगीएवढ्या अक्षरात कुणीतरी नातवाचं नाव घातलं होतं. "हे वाचता आलं पाहिजे," म्हणाल्या. कसोटी ठरली.

८ फेब्रुवारी, शनिवार

दिवस गेला. माझ्याकडे ९० मिलिमीटरची मॅक्रो (जवळून बारीक टिपणारी) लेन्स आहे, तीच घेऊन गेलो. ६९ सेंटिमीटरची चौकट भरायला त्या लेन्सने कॅमेरा पानापासून एक मीटर नव्वदवर न्यावा लागतो. टेबलाची उंची धरली तर साडेआठ फुटांच्या वर. गुरुजींच्या माडीचं छत साडेसात फूट. हा हिशोब घरी कागदावर दोन मिनिटांत झाला असता.

मग वही जमिनीवर पाटावर ठेवली आणि कॅमेरा वर बांधला. पाटावर ठेवली म्हणून गुरुजी खूश, पण डोक्याच्या वर गेलेली स्क्रीन दिसेना आणि वाकून पानं उलटताना भाच्याची कंबर धरली. संध्याकाळपर्यंत १९ फोटो झाले, त्यातला एकही ठेवला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

५० मिलिमीटरची मॅक्रो भाड्याने आणली, महिन्याचे साडेतीन हजार. तिने अंतर एक मीटर सहा सेंटिमीटरवर आलं.

स्टँडसाठी एका बंद पडलेल्या स्टुडिओतला एन्लार्जरचा (निगेटिव्हवरून फोटो मोठे करायच्या यंत्राचा) खांब अठराशेला घेतला होता. त्याची लांबी ९० सेंटिमीटर. आखूड. तोही खर्च वाया. शेवटी अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून साडेपाच फुटी जीआय पाइप, खाली चौकोनी बैठक आणि वर आडवा हात असं करून घेतलं. २,३५० रुपये आणि तीन दिवस. बैठकीत वाळूची पिशवी ठेवायला जागा करून घ्या. मी नंतर वेल्डिंग करून घेतली, वेगळे दोनशे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कामाला खरी सुरुवात. माडीवरच मांडलं. दोन एलईडी पॅनेल, जोडी ४,२०० ची, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. कॅमेरा पानाला अगदी समांतर हवा. कॅमेऱ्यातल्या लेव्हलवर विसंबलो तर ओळी एका बाजूला मिटल्यासारख्या दिसत होत्या, कारण माडीची जमीनच सपाट नाही. काकूंकडून हातआरसा मागून घेतला, पानाच्या जागी ठेवला आणि लेन्समधून पाहिलं. आरशात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर चौकटीच्या मधोमध येईपर्यंत स्टँडचा आडवा हात हलवला, तेव्हा समांतर झालं. मोडीत आधी पानभर शिरोरेघा मारून मग त्यांना अक्षरं लोंबवत नेतात, त्यामुळे पानावर आयत्या आडव्या रेघा मिळतात. चौकट जराही तिरकी असेल तर पहिली आणि शेवटची रेघ लगेच चुगली करते.

लाकडी जमीन पावलागणिक हलते म्हणून शटर १/१२५ सेकंद ठेवलं, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १२५०, लेन्सचं छिद्र एफ/८. यांत्रिक शटरचा धक्का नको म्हणून पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर. आवाज शून्य. गुरुजी खाली जप करत होते, त्यांना काही त्रास नाही. दिवसात २१२ जोडपानं. हात बसला असं वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

कालची २१२ जोडपानं रद्द.

घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं तर प्रत्येक फोटोत फिकट आडवे पट्टे. काल कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ते कागदाच्या घड्यांच्या सावल्यांसारखे दिसले होते, म्हणून सोडून दिलं. कॉन्ट्रास्ट वाढवून मोजले : दहा. सगळ्या फोटोंत दहाच.

कारण समजायला सकाळ गेली, पण हे नीट समजून घ्या, कारण या जातीच्या कॅमेऱ्याची सगळ्यात मोठी उणी बाजू हीच. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एकदम वाचला जात नाही, वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. एवढे पिक्सेल वाचायला या सेन्सरला सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. सेकंदाच्या दहाव्या भागात दहा वेळा. म्हणून दहा पट्टे. नाइकॉन झेड९ सारख्या स्टॅक्ड सेन्सरच्या कॅमेऱ्यात वाचन इतकं झपाट्याने होतं, की त्यात यांत्रिक शटर ठेवलेलंच नाही. जास्त पिक्सेल आणि साधा सेन्सर घेतला की ही सवड मिळत नाही.

उपाय पैशाचा निघाला नाही. शटर १/१० वर आणलं. त्या वेळात दिव्याचे पूर्ण दहा फेरे होतात, प्रत्येक ओळीला सारखाच उजेड मिळतो. पट्टे गेले. शिवाय आयएसओ १२५० वरून थेट १०० वर आला, कागदाच्या तंतूंवरचे दाणे गेले. १/५०, १/२५ हेही चालतात, कारण त्यांतही फेरे पूर्ण होतात. १/१२५ आणि १/६० टाळा.

पण १/१० ला माडी चालणार नाही. सामान खाली ओसरीवर आणलं. शहाबादी फरशी, दगडी जोतं, काही हलत नाही. चौकातून येणारा उजेड दर तासाला रंग बदलतो म्हणून मंडपवाल्याकडून काळे पडदे भाड्याने आणले, दिवसाला दीडशे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

खालच्या मांडणीत पहिला दिवस. आजचं सगळं सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेक चुका झाल्या आणि सुटल्या.

पहिली अडचण फोकसची. आरंभीच्या पानावर कुणीतरी लाल शाईने गणपती काढला आहे. ऑटोफोकसची चौकट सरळ गणपतीच्या डोळ्यावर जाऊन बसली, कारण लग्नाच्या कामातलं डोळा-ओळखणं चालूच राहिलं होतं. ते बंद केलं. पुढे फिकट पानांवर ऑटोफोकस पुढेमागे घुटमळायला लागला. या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस धावत्या माणसाच्या डोळ्याला चिकटून राहतो, त्याचीच किंमत आपण मोजतो, आणि या कामात तोच बंद करावा लागतो. मॅन्युअल केलं, स्क्रीनवर अक्षर मोठं करून लावलं. अक्षर एवढं मोठं करून जागच्या जागी तपासता येणं ही मात्र मिररलेसची मोठी सोय. आरशाच्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये हे जमत नव्हतं.

रिंग हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावली. जेवायला उठलो, कॅमेरा झोपला, परत येऊन चालू केला आणि ७४ जोडपानं काढली. संध्याकाळी पाहतो तर सगळी किंचित मऊ. पट्टी जिथल्या तिथे होती. या लेन्सची रिंग काचेला जोडलेली नसते, ती फक्त मोटरला इशारा देते. कॅमेरा बंद होऊन चालू झाला की काच आपल्या मूळ जागी जाते आणि रिंग काही बोलत नाही. जुन्या लेन्सला पट्टी चालायची, हिला चालत नाही. आता झोपणं बंद केलं आहे, आणि प्रत्येक २५ पानांनंतर एक फोटो शंभर टक्के मोठा करून तीच मुंगीएवढी अक्षरं वाचून पाहतो.

दुसरी अडचण वहीच्या जाडीची. नऊ सेंटिमीटर जाड वही सुरुवातीला उघडली की डावं पान खाली, उजवं सात सेंटिमीटर वर. एफ/८ ला या अंतरावर जेमतेम साडेचार सेंटिमीटर खोलीपर्यंत तीक्ष्ण येतं. मी छिद्र लहान करून एफ/१६ केलं. दोन्ही पानं सारखी आली, म्हणजे दोन्ही सारखीच मऊ आली. ६१ मेगापिक्सेलला पिक्सेल इतके बारीक, पावणेचार मायक्रॉनचे, की छिद्र फार लहान केलं की प्रकाश पसरून पाच-सहा पिक्सेलांवर सांडतो. अक्षराची कड जाते. एफ/८ च्या पुढे जाऊ नका. त्याऐवजी खालच्या बाजूच्या पानाखाली प्लायचे तुकडे ठेवले, प्रत्येक तुकडा एक सेंटिमीटरचा, वर मऊ सतरंजीची घडी. २५-३० पानं झाली की एक तुकडा डावीकडून काढायचा, उजवीकडे सरकवायचा. प्लाय शंभर रुपयांचा.

तिसरी, आवाजच नसणं. शटर वाजत नाही म्हणून फोटो झाला की नाही हे भाच्याला कळेना. १/१० चं एक्स्पोजर आणि वर वाचायला तेवढाच वेळ. त्याने अर्ध्यात पान उचललेले ११ फोटो निघाले, पानाचा कोपरा वाऱ्यावर उडाल्यासारखा. आता लॅपटॉपवर फोटो उमटला की मी "हं" म्हणतो, मगच त्याने हात लावायचा. दिवसभर हं, हं, हं.

आज ठेवण्याजोगी : १३१ जोडपानं.

२३ फेब्रुवारी, रविवार

अक्षरं करडी दिसत होती, काळी नव्हती. जुन्या शाईत काजळीबरोबर डिंक असतो, तो वाळून चकाकतो आणि ४५ अंशांतला दिवा थेट लेन्समध्ये परततो. कॅमेऱ्यात काळ्याची पातळी ओढून पाहिली, कागदही काळवंडला. दिवे खाली केले, टेबलापासून ३० अंशांवर, आणि जरा लांब नेले. शाई काळी झाली. दहा मिनिटांचं काम.

वीज एकदा गेली. लॅपटॉप चालू राहिला पण मधला यूएसबी हब बंद पडून केबलचं कनेक्शन तुटलं. फोटो फक्त लॅपटॉपवर साठवायची निवड राहिली होती, त्यामुळे ९ फोटो कुठेच नाहीत. आता दोन्ही कार्डं आणि लॅपटॉप, तिन्हीकडे. दोन कार्डांची सोय असलेली बॉडी आहे आणि मी एकही वापरत नव्हतो.

बॅटरीचं : लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) सतत चालू ठेवला तर दोन तासांत संपते. टाइप-सी मधून चालू कॅमेऱ्यालाच वीज देता येते, ती दिली. प्रश्न मिटला.

१ मार्च, शनिवार

ताईंचा फोन. "तिसऱ्या वहीत प्रत्येक पानावर उजवीकडे वर एक टिंब आहे. अनुस्वार म्हणून वाचायचा का?"

पोटात गोळा आला. ते टिंब सेन्सरवरच्या धुळीचं होतं. जुन्या वह्यांतून कागदाचा भुगा आणि कसरीचं पीठ सतत उडतं, आणि मी त्याच खोलीत लेन्स बदलली होती. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर समोर उघडाच असतो, मध्ये आरसा नाही. बंद केल्यावर शटरचा पडदा खाली येण्याची सोय मेनूत आहे, ती मी चालू केली नव्हती. मशीनच्या सुट्या भागांवर असलं टिंब मी पुसून टाकतो आणि विसरतो. इथे ते एखाद्याच्या नावात जाऊन बसतं, आणि पुढचा वाचणारा ते खरं मानणार.

तिसरी वही पूर्ण पुन्हा काढायची, १८६ जोडपानं. संगणकावर टिंब पुसून चाललं असतं, पण त्याखाली खरोखर काही लिहिलेलं असेल तर तेही पुसलं जाईल. मनाला पटेना.

नवा नियम : सकाळी पहिला आणि दुपारी पहिला फोटो कोऱ्या पांढऱ्या कागदाचा, एफ/१६ ला, फोकस बिघडवून. धूळ असेल तर ठळक दिसते. हवेचा फुगा मारायचा, पुन्हा बघायचं. लेन्स वाड्यात काढायची नाही.

८ मार्च, शनिवार

तिसरी वही पुन्हा झाली. चौथी, पाचवी, सहावी संपल्या. आता ताशी ३८ जोडपानं निघतात. काकू चार वाजता चहा आणतात, तो चौकात जाऊन प्यायचा, ओसरीवर कप आणायचा नाही हा माझा नियम. गुरुजींनी तो पाहुण्यांनाही लावला.

एक छोटी गोष्ट. वहीच्या खारव्याच्या पुठ्ठ्याचा फोटो काढला तर लाल कापडावर हिरवे-जांभळे लाटांसारखे पट्टे उठले. या सेन्सरसमोर प्रतिमा मऊ करणारा फिल्टर नाही, म्हणूनच अक्षरं एवढी तीक्ष्ण येतात. पण विणीचा धागा पिक्सेलांच्या रांगेशी जुळला की असं होतं. कॅमेरा पाच सेंटिमीटर वर घेतला, पट्टे गेले.

९ मार्च, रविवार

भिजलेल्या दोन वह्या उघडल्या. यांचे कणे कडक झाले आहेत, पूर्ण उघडायचा प्रयत्न केला तर शिवण तुटेल. म्हणून वही अर्धीच उघडायची, एका बाजूला थर्मोकोलची उतरती पाचर, आणि एकेक पान वेगळं. फोटो दुप्पट, पण इलाज नाही. काच ठेवून दाबायचं मी सुचवलं होतं. गुरुजींनी पान बोटांच्या पोटाने वर करून दाखवलं. खालचं अक्षर वरच्या पानाच्या पाठीला किंचित चिकटलेलं होतं. काच ठेवली असती तर उचलताना शाई काचेबरोबर आली असती. पुन्हा काचेचं नाव काढलं नाही.

१२ मार्च, बुधवार

पुराच्या डागांची पानं. खालचा कोपरा चहाच्या रंगाचा. बोरूची जुनी शाई पाण्यातही टिकली आहे, काजळी विरघळत नाही. गेली आहे ती नंतरची, निळ्या फाउंटन पेनची. १९६० च्या आसपासचे लेख जवळजवळ पुसले गेले आहेत, तपकिरी डागात निळसर धुरासारखे उरलेत.

इथे पिक्सेल शिफ्ट कामाला आलं. कॅमेरा सेन्सर एकेक पिक्सेल सरकवून चार फोटो घेतो आणि संगणकावर जोडल्यावर प्रत्येक ठिकाणी लाल, हिरवा, निळा तिन्ही खरे मोजलेले मिळतात, अंदाजाने भरलेले नाहीत. मग नुसता लाल रंगाचा भाग वेगळा काढला. लाल उजेडात तपकिरी डाग उजळून कागदात मिसळतो आणि निळी शाई उलट गडद होते. पडद्यावर कोपरा पांढरा झाला आणि धुरातून अक्षरं वर आली. एक बाई, दोन मुलगे, गावाचं नाव, आणि शेवटी "माझे हातचे". साध्या फोटोतूनही लाल भाग काढून पाहिला. वाचता येतं, पण अक्षराच्या कडेला दाणे दिसतात. पिक्सेल शिफ्टमध्ये कड स्वच्छ.

गुरुजींना बोलावलं. चष्मा पुसून त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे यजमान दरवर्षी यायचे रे. २०१६ नंतर त्यांचा मुलगा आला होता, त्याला मी पान दाखवू शकलो नाही." मग बराच वेळ पडद्यासमोर बसून होते.

सोळा फोटोंचा प्रकारही करून पाहिला, २४० मेगापिक्सेलचा. एका पानाला सव्वा जीबी, आणि सोळा फोटो होईपर्यंत गल्लीतून एक मालवाहू रिक्षा गेली तेवढ्याने अक्षरांच्या कडेला बारीक जाळी उठली. शांतता असतानाही चार फोटोंच्या प्रकारापेक्षा काही जास्त वाचता आलं नाही. सोडून दिलं. चारचा प्रकारही फक्त १४ पानांवर वापरला. स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरून घेणारी सोय) या सगळ्या कामात बंद. स्टँडवर ते चालू राहिलं तर चौकट कणभर सरकते.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. शनी चौकातली रहाड (रंगाचा जुना हौद) उघडलेली, पंचवटी सगळी रंगात. वह्या फडताळात, कॅमेरा घरी. काम बंद.

२३ मार्च, रविवार

साठवणीचा हिशोब मी उशिरा केला, तुम्ही आधी करा. ठेवायचे फोटो २,२८० : सात वह्यांची १,४१२ जोडपानं आणि भिजलेल्या दोन वह्यांची ८६८ सुटी पानं. लॉसलेस रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची) फाइल सरासरी ७५ एमबी, म्हणजे १७१ जीबी. इथवर ठीक. पण याच्या १६ बिट टिफ केल्या तर एकेक ३६१ एमबी, सगळ्या मिळून ८२० जीबीच्या वर. माझा लॅपटॉप पहिल्या दोनशेतच गुदमरला, रात्रभर चालवून सकाळी अर्ध्यावर अडकलेला. म्हणून रॉ जशीच्या तशी ठेवली, वाचण्यासाठी मोठ्या जेपेग केल्या, आणि टिफ फक्त त्या १४ पानांच्या. दोन टीबीच्या दोन हार्ड डिस्क, १२,४०० रुपये.

फाइलचं नाव वही, जोडपान आणि बाजू यांवरून : ०४_११७_जो, ०८_०५३_डा. कॅमेऱ्याचे आपोआप पडणारे क्रमांक ठेवू नका. पुन्हा काढलेली पानं मूळ क्रमात बसवताना माझा एक पूर्ण दिवस गेला आणि तरी दुसऱ्या वहीत दोन पानांची अदलाबदल राहिली होती. ताईंना मजकूर तुटलेला दिसला म्हणून सापडली.

आतापर्यंतचा खर्च, कॅमेरा सोडून : लेन्सचं भाडं दोन महिन्यांचं ७,०००, दिवे ४,२००, स्टँड २,५५०, वाया गेलेला एन्लार्जरचा खांब १,८००, पडदे १,३५०, डिस्क १२,४००, प्लाय, थर्मोकोल, फुगा वगैरे ९००. एकूण ३०,२००. रद्द झालेले फोटो पाचशेच्या आसपास. दिव्यांत मी पैसे वाचवले आणि त्यातच पहिला आठवडा गेला. पुन्हा करायचं झालं तर २४ मेगापिक्सेलची स्वस्त बॉडी घेऊन उरलेले पैसे न लुकलुकणाऱ्या दिव्यांत आणि पक्क्या स्टँडमध्ये घालीन, एकेक पान काढीन आणि पुराच्या पानांपुरता हा कॅमेरा भाड्याने आणीन. हाताशी होता म्हणून तो वापरला. निम्मे फोटो, जागच्या जागी अक्षर मोठं करून पाहणं, आणि ती चौदा पानं, एवढं त्याने खरोखर दिलं.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

एक डिस्क गुरुजींना दिली, दुसरी ताईंकडे. गुढीसमोर वह्या ठेवून गुरुजींनी हळदकुंकू वाहिलं, डिस्कही त्याच पाटावर ठेवली.

दुपारी निफाडकडचं एक कुटुंब आलं. गुरुजींनी लॅपटॉपवर गाव शोधलं, सातवी वही, जोडपान ६२, मिनिटाच्या आत. आजोबांचं अक्षर मोठं करून दाखवलं. मग फडताळ उघडून मूळ वही काढली, कारण लेख यजमानाने स्वतःच्या हाताने वहीतच लिहायचा असतो. मुलीने पेन घेतलं, वडिलांनी शाई पक्की आहे ना म्हणून विचारलं, आणि तिने आजोबांच्या खाली सहा ओळी लिहिल्या.

स्टँड अजून ओसरीवरच होता. पांढऱ्या कागदाचा फोटो, फुगा, आरसा, १/१०, एफ/८. "हं." फाइल ०७_०६२_जो_२.